टिकली वाजली, दारू कुठे गेली?

तमाम मराठी बंधू-भगिनींना या जाहीर निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखिका ही पुण्यात वाढलेली, न्यूझीलंडच्या टौरंगात नांदणारी, चतुर्थी न चुकवणारी, एका फार्मासिस्टची धर्मपत्नी असून गेली कित्येक वर्षे पगार घेऊन रायफलीच्या गोळ्या झाडते. आजवर तिच्या हातून कागदाखेरीज कोणाचाही बळी गेलेला नाही. सबब, भिशीत तिच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवण्याची प्रथा तत्काळ बंद करण्यात यावी. हुकुमावरून.

हुश्श. आता साध्या भाषेत बोलू.

मी धातुशास्त्र शिकले. पुण्यात असताना भट्ट्या पाहिल्या, इथे येऊन एका लहानशा कार्यशाळेत लागले. तिथे जुन्या रायफली दुरुस्त होतात आणि त्या रायफलींसाठी शिशाच्या ओतीव गोळ्या बनतात. माझ्याकडे गोळ्या ओतायचं काम आहेच, पण खरं काम म्हणजे त्या पारखायचं. माझा नवरा श्रीकांत औषधांच्या गोळ्या मोजून देतो, मी शिशाच्या. आमच्या घरात गोळ्यांशिवाय चूल पेटत नाही, असं सासूबाई व्हिडिओ कॉलवर सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात.

बंदुकीचा परवाना घेताना इथे घरी पोलिसांचा माणूस येतो, चहा पितो आणि नवऱ्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारतो, की बायकोच्या हातात बंदूक दिली तर तुम्हाला भीती वाटेल का? श्रीने फार वेळ विचार केला. मी दाराआडून ऐकत होते, माझा जीव टांगणीला. शेवटी तो म्हणाला, "ती चिडली की बोलते. नेम धरायला गप्प बसावं लागतं. त्यामुळे मला काही धोका दिसत नाही." परवाना मिळाला. श्रीने मात्र आजवर रायफलीला बोट लावलेलं नाही. त्याला आवाज सोसत नाही. कॉलेजच्या एकांकिकांत मी रंगमंचावर किंचाळायची आणि तो विंगेत पडदा ओढायचा. संसारातही तीच वाटणी आहे.

आता या धंद्याबद्दल थोडंसं. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळा, पण मग नंतर घाबरायची वेळ येईल तेव्हा घाबरता येणार नाही.

काडतूस म्हणजे पितळेची एक पुंगळी. तिच्या बुडाला एक टिकली असते. दिवाळीत पोरं पिस्तुलात घालतात तिचीच ही थोरली बहीण. पुंगळीत दारू भरायची, तोंडाशी गोळी बसवायची. चाप ओढला की टिकली वाजते, दारू पेटते, गोळी जाते. कारखान्यातल्या गोळीवर तांब्याचं कवच असतं. आमची मात्र उघडी, नुसत्या शिशाची. त्यात साचा नीट भरावा म्हणून कथील आणि जरा टणकपणा यावा म्हणून अँटिमनी. नळीत शिसं चिकटू नये म्हणून गोळीच्या खाचांत मेण भरायचं. अशा मऊ गोळीला फार जोरात ढकलून चालत नाही, म्हणून दारू अगदी कमी लागते. म्हणजे पुंगळी मोठी आणि दारू तळाशी, तांब्यात घोटभर पाणी असावं तशी. हे लक्षात ठेवा.

पारखायचं म्हणजे काय? वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवायची, शंभर मीटरवरच्या कागदावर एकाच जागी नेम धरून पाच गोळ्या मारायच्या आणि पाच भोकांचा पुंजका किती लहान आला ते पाहायचं. मग मेण बदलायचं. पुन्हा पाच. मग दारू किंचित बदलायची. पुन्हा पाच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे सुधारलं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. नवरे सुधारायलाही हीच पद्धत वापरावी, असं माझं मत आहे.

गिऱ्हाइकं एकेक नग असतात. एक बाई आपल्या रायफलीला मेलेल्या नणंदेच्या नावाने हाक मारतात, आणि नेम चुकला की नणंदेला उद्देशून जे बोलतात ते या अंकात छापता येणार नाही. एक गृहस्थ टायरच्या दुकानांतून गोळा केलेलं, चाकं तोलायच्या वजनांचं शिसं बादलीभर घेऊन आले, त्यात जस्ताचे तुकडे मिसळलेले. आमची अख्खी कढई नासली आणि ते म्हणाले, "पण जस्त आरोग्याला चांगलं ना?" श्रीच्या दुकानात वाचलं होतं म्हणे.

या सगळ्यांत केल्विन वेगळे. आमच्या गल्लीतच राहतात, आमच्या घरापासून एक कोपरा सोडून. एके काळी त्यांची किवीची बाग होती. आता बाग विकली, बायको गेली, मुलं ऑस्ट्रेलियात. गॅरेजमध्ये एक बाक, त्यावर साचे, तराजू, मूठ ओढली की एका मापाची दारू पाडणारं यंत्र. इंग्रजीत 'यू' म्हटलं की सगळे सारखेच, पण मनात मी त्यांना अहोजाहोच करते. त्यांच्या हातची ओतीव गोळी इतकी गुळगुळीत निघायची की ती पाहून मला माझ्या पदवीची लाज वाटायची असं मी लिहिणार होते, पण ते खरं नाही. माझ्या गोळ्याही तितक्याच गुळगुळीत असतात. आम्ही तोडीस तोड होतो, म्हणूनच आमचं जमायचं.

त्या हिवाळ्यात त्यांनी गाडी चालवणं सोडलं. डोळ्यांत मोतीबिंदू, शस्त्रक्रियेसाठी नंबर लागलेला. गाडीच्या किल्ल्या त्यांनी एका संध्याकाळी आपण होऊन श्रीच्या हातात काढून दिल्या आणि आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. नंतर त्यांचे पुंजके बिघडायला लागले. बशीत मावायचे ते परातीत मावेनात. ते दोष द्यायचे शिशाला. शिसं निर्दोष होतं. मला माहीत होतं, त्यांनाही असावं.

दिवाळीच्या सुमाराला, म्हणजे इथल्या वसंतात, एका रविवारी सकाळी ते माझ्याकडे काडतुसांची एक पेटी घेऊन आले. आदल्या दिवशीच स्वतः भरलेली. अर्धी माझ्या हातात दिली.

"वी," (इथे वैजयंतीचं एवढंच उरलंय) "ही तू तुमच्या घळीत मार. उरलेली मी नेमबाजीच्या क्लबात मारतो. तुझा पुंजकाही फाकला तर दोष शिशाचा. तुझा घट्ट आला, तर..."

"तर काय?"

"तर मग बाक विकायला काढतो. गाडी गेली तशीच." आणि हसले. त्या हसण्यात मला काही गंमत दिसली नाही.

क्लबात त्यांना सोडायला कोण जाणार? श्री. रविवारी त्याला सुट्टी असते, आणि म्हाताऱ्या माणसाला 'नाही' म्हणणं त्याला जमत नाही.

आमची घळ म्हणजे कार्यशाळेच्या मालकाच्या ओळखीच्या शेतातली डोंगरांमधली एक खोबण. समोर मातीचा उंच बांध आहे आणि आसपासच्या मेंढ्या आता आवाजाला दचकतही नाहीत. कार्यशाळेत केल्विनच्या रायफलीच्याच जातीची एक चाचणीसाठी ठेवलेली आहे, ती बरोबर घेतली. रायफल पिशवीवर टेकवली आणि पाच गोळ्या मारल्या.

दुर्बिणीतून कागद पाहिला. काय सुंदर पुंजका! पाचही भोकं एकमेकांना बिलगून बसलेली. दुसरं कोणी गिऱ्हाईक असतं तर मी नाचले असते. इथे मात्र मी बाकावर बसून राहिले. या कामातली माझी खंत ही आहे, की निकाल नेहमी मला सांगावा लागतो. कागद खोटं बोलत नाही आणि मला बोलू देत नाही. केल्विनना काय सांगायचं? मी मनात संवाद जुळवले. हसत हसत सांगायचं की गंभीरपणे, की त्यांच्यासाठी लापशी करून नेऊन मग सांगायचं? काहीच ठरेना, म्हणून आणखी पाच मारायला बसले. दुसरा पुंजका बिघडावा असं देवाकडे मागत गोळ्या झाडणारी मी पृथ्वीवरची एकमेव परीक्षक असेन.

एक गेली, छान. दुसरी गेली, तीही छान. तिसरीला चाप ओढला आणि आवाज आला: टक्.

'ठो' नव्हे. टक्. कोणी बंद दारावर एकच टिचकी मारावी तसा. खांद्याला धक्का नाही, कागदाला भोक नाही.

अशा वेळी एक नियम आहे. हलायचं नाही. नळी बांधाकडे धरून थांबायचं, कारण कधीकधी दारू उशिरा पेटते. मी थांबले. एक मेंढी माझ्याकडे पाहत चघळत होती, बाकी सगळं जग थांबलेलं. मग बोल्ट, म्हणजे रायफलीची मागची खिट्टी, उघडला. पुंगळी बाहेर आली, टिकली वाजलेली, आतून पुंगळी स्वच्छ. दारूचा कण नाही. नळीतून सळई घातली तर ती आत अडली. गोळी नळीतच रुतून बसली होती. टिकलीच्या नुसत्या जोरावर वीतभर सरकली आणि तिथेच थांबली. हे लक्षात न येता कोणी पुढची गोळी झाडली असती, तर ती या अडकलेल्या गोळीवर आपटून नळी फुटली असती.

तेवढ्याने मी घाबरले नाही. हे कधीमधी होतं. मी घाबरले ते त्यानंतर डोक्यात जे आलं त्याने.

एक पुंगळी रिकामी राहिली, म्हणजे भरताना क्रम चुकला. जो माणूस एक पुंगळी विसरतो, तो दुसरीत दोनदा दारू ओतू शकतो. आणि पुंगळीत जागा किती! मघाशी सांगितलं, तांब्यात घोटभर पाणी. दोन घोट झाले तरी वरून गोळी बसते, बाहेरून काही कळत नाही. तराजूत घालून कळत नाही का? नाही. पुंगळ्याच एकमेकींपेक्षा कमी-जास्त वजनाच्या, त्यात दारूचा फरक लपून जातो. अशी दुप्पट दारूची गोळी झाडली, तर रायफल तोंडासमोर फुटते. गालापासून बोल्ट किती लांब असतो? गाल त्यावर टेकलेलाच असतो.

पेटीची उरलेली अर्धी काडतुसं क्लबात केल्विनच्या हातात होती. त्यांच्या खांद्यापाशी माझा नवरा उभा होता, कानावर मोठं कानझाकण चढवून.

बोल्ट काढला, रायफल पेटीत घालून कुलूप लावलं, काडतुसं वेगळी ठेवली. कायदा तो कायदा. मग गाडी टेकडीवर घेतली, कारण घळीत फोनला रेंज नाही. श्रीला फोन लावला. वाजला, वाजला, वाजत राहिला. त्याचा फोन त्याच्या गाडीच्या खणात असणार. फोनमुळे कोणाचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून तो स्वतःहून तिथे ठेवतो. इतका सज्जन माणूस! क्लबाचा फोन कोणी उचलेना, सगळे बाहेर मैदानावर. निरोप ठेवला, तो नंतर मी ऐकला. त्यात मी तीन भाषांत एकच वाक्य म्हटलंय, आणि एकातही क्रियापद नाही.

मग निघाले. टौरंगात रविवारीही गाड्यांना सुट्टी नसते. बंदराकडे जाणारा कंटेनरचा ट्रक माझ्यापुढे, त्याच्यापुढे बोट ओढत नेणारी एक जीप, आणि तिच्यापुढे सगळी न्यूझीलंडची जनता फुलं बघत चाललेली. मी काचा बंद करून मोठमोठ्याने बोलत होते. केल्विन, थांबा. केल्विन, आता चहा प्या. केल्विन, कोणाशी तरी गप्पा मारा ना, रग्बीवर बोला! एरवी शब्द बाहेर पडत नाही तुमच्या तोंडून, आज तरी बोला! मग श्रीला म्हटलं, मागे सर. पुढे वाकून बघू नकोस. त्याला सवय आहे ना, काउंटरवरून वाकून बघायची.

क्लबाच्या पार्किंगमध्ये उतरले तेव्हा आवाज येत होते. ठो. ठो. प्रत्येक 'ठो' ऐकून आधी छाती धसकायची आणि मग हायसं वाटायचं, कारण नीट वाजलेला बार म्हणजे सगळे शाबूत. कॉलेजच्या रंगमंचावरून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला मी शिकले होते. ती सगळी कमाई त्या दिवशी खर्च झाली.

"सीझ फायर!"

नेमबाजीच्या मैदानावर ही आरोळी कोणीही देऊ शकतो, आणि दिली की सगळ्यांनी थांबायचंच. थांबले. बोल्ट उघडले, रायफली खाली ठेवल्या, सगळे रेषेमागे सरकले. नारिंगी जाकिटातली मैदानाची प्रमुख बाई माझ्याकडे धावत आली. केल्विननी आपला बोल्ट उघडला तेव्हा आतून न वाजलेलं एक काडतूस बाहेर आलं. नेम धरला होता त्यांनी.

श्रीने कानझाकण काढलं. "वैजू? काय झालं? गॅस चालू राहिला का?"

मी धापा टाकत सांगितलं. टिकली वाजली, दारू नव्हती. गोळी नळीत अडकली आहे. एखाद्यात दुप्पट असू शकते.  तिथल्या प्रत्येकाला दुप्पट म्हणजे काय ते माहीत होतं.

केल्विनचा चेहरा लाल झाला. "माझ्या भरण्यात? तू शाळेत जायच्या आधीपासून मी दारू मोजतोय. भरून झाल्यावर प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघतो मी. प्रत्येक!"

"बघता हो," मी म्हटलं. "पण दिसतं का?"

सगळ्यांसमोर. ते वाक्य मला बाजूला नेऊन बोलता आलं असतं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

तेवढ्यात श्री बारीक आवाजात मराठीत म्हणाला, "वैजू, हे काल दुपारी भरत होते का गं?"

"हो. का?"

"काल दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो."

"कशाला?"

"फराळ द्यायला. ताट घेऊन. ते बाकावर बसले होते, समोर पुंगळ्या मांडलेल्या. मला वाटलं, रिकामेच बसलेत."

"रिकामे बसलेत? अरे, दारू भरत होते ते!"

"मला काय माहीत! पितळेच्या डब्या दिसल्या. मी म्हटलं, हॅपी दिवाळी, उठा, गरम आहे तोवर खा."

"चकली गरम?"

"म्हणायची पद्धत असते ना! उठले बिचारे. खाल्ली एक. घरची का म्हणाले. मी हो म्हटलं."

सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून मैत्रिणीने गाडीतून आणलेली चकली. पण ते भांडण नंतर.

"मग?"

"मग परत बाकावर बसायला गेले. 'मी कुठपर्यंत आलो होतो?' असं स्वतःशीच म्हणाले. आणि चालू केलं."

म्हणजे एक पुंगळी तिथे सुटली. माझा जीव किंचित भांड्यात पडला. एकदा उठले, एक चूक झाली, ती माझ्या नळीत सापडली. हिशेब संपला. तरी खात्री करायला विचारलं, "श्री, नीट आठव. एकदाच उठवलंस ना?"

तो गवताकडे बघायला लागला.

"श्री!"

"दोनदा," तो म्हणाला. "असं कसं गं, एका चकलीवर कोणाला सोडायचं का? करंजी तशीच राहिली होती ताटात. त्यांनी यंत्राची मूठ ओढली आणि मी म्हटलं, नाही नाही, हे चालायचं नाही, एक तरी करंजी. आग्रह केला."

आग्रह! आमच्यात पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो ते धरायचं नसतं. केल्विनच्या देशात नको म्हणजे नको, पण शेजारी ताट घेऊन समोर उभा राहिला तर त्याला दुखवत नाहीत. दोन्हीकडचे संस्कार एका बाकापाशी भेटले, आणि मूठ ओढलेल्या त्या पुंगळीत दारू पडली की नाही हे करंजी खाऊन आलेल्या माणसाला आठवणं शक्य नव्हतं. एका उठण्यात एक रिकामी राहिली होती. दुसऱ्या उठण्यात काय झालं?

"काय बोलताय तुम्ही दोघं?" केल्विननी विचारलं. "इंग्रजीत सांगा. चूक माझी आहे ना?"

सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हातोडी आणा."

काडतूस उघडायला एक पोकळ हातोडी मिळते. काडतूस तिच्या डोक्यात अडकवायचं आणि लाकडावर ठोकायचं, की गोळी निसटते आणि दारू आत सांडते. मग ती ताटलीत ओतायची. मी करते म्हटलं, पण त्यांनी मला हात लावू दिला नाही. नारिंगी जाकिटातल्या बाईंनी मैदान बंद केलं. दहाबारा माणसं मागे उभी. ठोक. ताटलीत दारूची छोटी ढिगली. बरोबर. ठोक. बरोबर. ठोक. बरोबर. प्रत्येक वेळी केल्विन माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायची. श्रीचे हात जोडलेले, कशासाठी ते त्यालाही माहीत नसावं.

नाटक लिहिणाऱ्याने ते शेवटचं काडतूस ठेवलं असतं. ते शेवटचं नव्हतं. पुढच्याच रांगेत होतं. ठोकलं, गोळी निसटली, ताटलीत दारू ओतली, आणि ती पडतच राहिली. ढीग झाला. इतरांच्या दुप्पट, अगदी आंधळ्यालाही दिसावा असा.

 श्री खाली बसला, तिथेच गवतात. ज्या रायफलीवर गाल टेकवून केल्विन बसले होते, तिच्या पोटात आज सकाळी हे जायचं होतं, आणि बाजूला वाकून बघणारा माझा नवरा.

केल्विननी हातोडी खाली ठेवली. फार हळू. उरलेली काडतुसं मीच फोडली, सगळी ठीक होती. ते बघतही नव्हते.

"झालं तर मग," ते म्हणाले. "साचे तू घेऊन जा, वी. चांगले आहेत. दुसऱ्या कोणाला देऊ नकोस."

रायफलीबद्दल चकार शब्द नाही, बाकाबद्दल नाही. साच्यांबद्दल बोलले. ओतणाऱ्याला साचा द्यावा लागतो तेव्हा काय होतं, ते ओतणाऱ्यालाच कळतं.  कोणाला खरं वाटणार नाही, पण मी गप्प होते.

श्री मात्र गवतातून उठला. कपडे झटकले. फार्मासिस्टचा आवाज काढला. तो आवाज तो घरी वापरत नाही. "केल्विन, आमच्या दुकानात कोणी एकटा औषध देत नाही. एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासायचं. मला इतकी वर्षं झाली, तरी माझं दुसरा तपासतो. त्यात कमीपणा कसला? तपासणाऱ्याशी कोणी बोलायचं नाही, आणि भरणाऱ्याला कोणी उठवायचं नाही. काल मी दोन्ही नियम मोडले. माझ्या दुकानात असं कोणी केलं असतं, तर मी त्याला घरी पाठवलं असतं."

"तुला बंदुकीची भीती वाटते, मेट," केल्विन म्हणाले.

"पुंगळीत टॉर्च मारायला कसली भीती? तुम्ही भरा, मी बघतो. प्रत्येक वेळी. डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत, आणि नंतरही."

केल्विननी लांबच्या बांधाकडे पाहिलं. मग म्हणाले, "एकदा. पुढच्या शनिवारी. एक ट्रे भरतो. त्यात एक जरी चूक निघाली तर साचे 'वी'कडे जातील, आणि यावर पुन्हा कोणी बोलायचं नाही. तूही नाही."

"मान्य," श्री म्हणाला. मला कोणी विचारलंच नाही.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. कार्यशाळेत शिसं वितळवताना हात भाजून घेतला. श्री रोज घरी येऊन साबुदाण्याच्या डब्यात टॉर्च मारून सराव करायचा. विचारलं तर म्हणे, एकसारख्या पातळीकडे बघायची सवय डोळ्याला लागते. मला मात्र सारखं वाटत होतं, की केल्विन मुद्दाम चुकतील. माणूस थकला की परीक्षेत नापास होणं सोपं वाटतं.

शनिवारी दुपारी त्यांच्या गॅरेजमध्ये गेलो. मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि बजावलं, तोंड उघडायचं नाही. साचे बाकाच्या टोकाला एका टॉवेलवर काढून ठेवलेले होते, पुसून, तेल लावून. न्यायला तयार. 

केल्विन बसले. सगळ्या पुंगळ्या ट्रेमध्ये उलट्या. एकच सुलटी करायची, मूठ ओढायची, ट्रेमध्ये पुढे ठेवायची, मग दुसरी. बाहेर कोणीतरी गवत कापत होतं. दारात पोस्टाची गाडी थांबली. केल्विननी मान वर केली नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या, मी हलले नाही. शेवटची पुंगळी ठेवून त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि श्रीला जागा दिली. दोन्ही हात मांडीखाली घातले, शाळेतल्या पोरासारखे.

श्री वाकला. टॉर्च लावला. पहिल्या पुंगळीत बघितलं. टॉर्च बाजूला केला, डोळे मिटले, उघडले, पुन्हा बघितलं. मग दुसरी. एकेक पुंगळी म्हणजे एकेक मुक्काम. केल्विन टॉवेलकडे बघायचे, मग श्रीकडे, मग टॉवेलकडे.  मधल्या रांगेत एका पुंगळीवर श्री थबकला. टॉर्च जवळ नेला, लांब नेला. केल्विनच्या ओठांतला रंग गेला. श्रीने पुंगळी उचलली, तिच्या काठावरचा एक केस फुंकून उडवला, परत ठेवली आणि पुढे गेला.

शेवटी तो सरळ झाला.

"सगळ्या बरोबर आहेत," तो म्हणाला.

मी स्टुलावरून उठले. केल्विन उठले नाहीत. त्यांनी हात मांडीखालून काढले आणि टॉवेलवरचा एक साचा उचलून मागे, त्याच्या जागी, खिळ्याला अडकवला. पुढचा उचलला. आणि श्री चष्मा पुसून पुन्हा पहिल्या पुंगळीवर वाकला. दुसऱ्यांदा तपासायचं असतं, असा नियम आहे म्हणे. पहिली. दुसरी. तिसरीपाशी डोळे मिटून उघडले. केल्विन हातात साचा घेऊन थांबले. एवढा वेळ न बोलता बसलेला तो माणूस एकदम ओरडला, "अरे देवा, श्री! तुझ्या दुकानात औषध हातात पडेपर्यंत पेशंट जिवंत तरी राहतात का रे?"